खेळण्यांतले भीमसरट व त्यांचा रंग

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं मुंजीनिमित्त जाणें झालें. तेथें दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत, चांदीचीं भांडीं व समया यांच्या शेजारीं, वीतभर उंचीचा एक डायनोसॉर उभा होता. यजमानीणबाई किंचित् ओशाळून म्हणाल्या, "धाकट्यानें ठेवला आहे, काढूं देत नाहीं." मीं जवळ जाऊन पाहिलें, तों त्याच्या नाकाचा व नखांचा रंग गेलेला आणि पाठीवर धुळीचा चिकट थर बसलेला. "हा धुतां कशानें?" असें विचारतां "भांड्यांच्या पावडरीनें" असें उत्तर मिळालें. त्या उत्तरामुळेंच हा लेख लिहावयास बसलों आहें.

जन्मभर 'रामः रामौ रामाः' चालविणाऱ्या व साठी उलटलेल्या मास्तरानें रबरी सरड्यांविषयीं लिहावें, हें कित्येकांस हंसूं येण्याजोगें वाटेल. मी जुना मॅट्रिक. रसायनशास्त्र मला येत नाहीं, व प्राणिशास्त्र जें येतें तें नातवाकडून शिकलेलें आहे. परंतु ज्या घरांत आज आठ-दहा वर्षांचें मूल आहे, त्या घरांत हे प्राणी आहेत, असें माझ्या पाहण्यांत आलें आहे. आणि वस्तु घरांत आली म्हणजे ती नीट राखावी, हा आपल्याकडचा जुना संस्कार आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. 'डायनोसॉर' हें नांव रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४२ सालीं दिलें. त्यांतील पहिलें पद ग्रीक भाषेंत 'भयंकर' या अर्थाचें, व दुसरें 'सरडा' या अर्थाचें आहे. संस्कृतांत 'भीम' या शब्दाचा मूळ अर्थहि 'ज्याचें भय वाटावें तो' असाच आहे, आणि सरड्यास 'सरट' म्हणतात. म्हणून मी आपल्यापुरता 'भीमसरट' म्हणतों. नातवाला हा शब्द फार आवडतो. शाळेंत मात्र तो उच्चारीत नाहीं. मुलें हंसतात म्हणे.

आतां माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतों. कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें सर्व त्या एका चुकीनें शिकविलेलें आहे.

माझा धाकटा बंधु नोकरीनिमित्त अमेरिकेंत स्थायिक झाला होता. दोन-तीन वर्षांनीं तो वाईस आमच्या घरीं येई, तेव्हां माझ्या मुलासाठीं एक-दोन भीमसरट घेऊन येई. १९८९ सालीं पहिला आला तो टायरॅनोसॉरस: पाठ गर्द हिरवी, पोट फिक्या साईच्या रंगाचें, आणि डोळा पिवळा. पुढील दहा वर्षांत असे एकंदर सात झाले. मुलगा मोठा होऊन पुण्यास गेला, आणि ते सातहि जण प्लास्टिकच्या एकेका पिशवींत गुंडाळून, पत्र्याच्या ट्रंकेंत घालून, आमच्या माळ्यावर गेले. माळ्यावर थेट पत्रा आहे. उन्हाळ्यांत तेथें दोन मिनिटें उभें राहवत नाहीं.

बंधु २०१७ सालीं वारला. २०२१ च्या मे महिन्यांत मुलगा सहकुटुंब येणार होता, म्हणून नातवासाठीं मीं ती ट्रंक खालीं काढली. पिशव्या उघडल्या तों प्रत्येकाचें अंग तेलकट, चिकट झालेलें. एका पिशवींत चुकून दोन कोंबले गेले होते, त्यांतील एकाचा काळा रंग दुसऱ्याच्या कुशीला उतरला होता. टायरॅनोसॉरसाची स्थिति सर्वांत वाईट. मीं मनांत म्हटलें, चिकटपणा काढावयास काय अवघड आहे! सुई टोंचल्यावर लावतात तें स्पिरिट कापसावर घेतलें आणि पाठ पुसली. कापूस हिरवा झाला. मळ निघतो आहे असें समजून मी आणखी पुसत गेलों. तोंडाकडे आलों, तेव्हां एक पिवळा डोळा कापसावर आलेला दिसला.

येथें थांबलों असतों तरी बरें होतें. पण मास्तराला उत्तरपत्रिकेंतली रिकामी जागा बघवत नाहीं. बाजारांत जाऊन दारें-खिडक्यांना लावावयाच्या तैलरंगाचा लहान डबा आणला, व दुपारभर बसून पाठ हिरवीगार केली, नवा डोळा काढला. सौ. म्हणाल्या, "अहो, हें वाळणार कधीं?" मी म्हणालों, "उद्यां."

तो दुसऱ्या दिवशीं वाळला नाहीं. आठ दिवसांनींहि वाळला नाहीं. नातू आला तेव्हां पाठीवर धूळ, लोकरीचे तंतु आणि एक मुंगी चिकटलेली होती. सहा वर्षांचें पोर तें, त्यानें खेळणें हातीं घेऊन उलटसुलट पाहिलें, आणि मला विचारलें, "आजोबा, हा काकाआजोबांचा आहे, कीं तुमचा?" त्याच्या बापानें काय झालें तें एका नजरेंत ओळखलें, पण कांहीं बोलला नाहीं. तो बोलला असता तर मला बरें वाटलें असतें.

असें कां झालें, याचा मीं पुढें शोध घेतला. हीं खेळणीं बहुधा पीव्हीसी नांवाच्या प्लास्टिकचीं असतात. तें द्रव्य स्वभावतः कठीण व ठिसूळ. त्यास रबरासारखा मऊपणा यावा म्हणून त्यांत तेलासारखा एक पदार्थ मिसळतात. हा पदार्थ प्लास्टिकाशीं एकजीव होत नाहीं. तो केवळ आंत वस्तीला असतो, व वर्षें लोटलीं म्हणजे हळूहळू पृष्ठभागावर येऊं लागतो. उष्णतेनें हें पाझरणें वाढतें. पृष्ठभागावर तेल आलें कीं वरचा रंग मऊ पडतो, दुसऱ्या वस्तूला लागतो, आणि धूळ धरतो. त्यावर आपण तैलरंग चढविला तर तेंच तेल त्या रंगांत शिरतें व त्यास वाळूं देत नाहीं. म्हणजे दोष खेळण्याचा नव्हता, तर माझ्या माळ्याचा, पिशव्यांचा आणि उतावळेपणाचा होता.

पिशव्यांचें विशेष नवल वाटलें, कारण आपण तर जपण्यासाठींच गुंडाळतों. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयांत यिव्होन शाशुआ या विदुषीनें प्लास्टिकच्या जुन्या वस्तु कशा टिकवाव्या यावर पुष्कळ काम केलें आहे. त्यांना असें आढळलें कीं, पॉलिथीनची पिशवी हें तेल शोषून घेते, त्यामुळें तें आंतून आणखी ओढलें जातें. उलट कांचेच्या बंद पेटींत तीच वस्तु अधिक काळ टिकते. ज्या कपाटाचें त्या यजमानीणबाईंना संकोच वाटत होता, तें कांचेचें कपाटच त्या मुलानें, नकळत कां होईना, योग्य निवडलें होतें.

परंतु हें सर्व कळल्यावरहि मला नातवाचा प्रश्न सोडीना. रंग नवा झाला तर तो बंधूचा भीमसरट राहिला कां नाहीं?

आमच्या पाठशाळेंत जुन्या पोथ्या हाताळावयास मिळत. लेखकाची चूक झाली तर त्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप देत. 'हरताळ फांसणें' हा आपल्या भाषेंतील प्रयोग त्यावरूनच आला. चुकीवर हरताळ लावणें हें लेखकाचें काम खरें. पण शंभर वर्षांनीं ती पोथी ज्याच्या हातीं येते त्यानें आपल्या बुद्धीनें पाठ 'सुधारूं' लागावें, हा मोठा अपराध होय. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति तयार करणाऱ्या पंडितांनीं तळटीपांत पाठभेदांचे ढीग रचले, ते याचसाठीं. अमुक पोथींत अमुक अक्षर आहे. तें अशुद्ध असेल, तरी तें तेथें आहे. मीं बंधूच्या पोथीवर हरताळ फांसला होता.

आणि पोथीची उपमा भीमसरटांना तंतोतंत लागू पडते, हें मला पुढें दिसून आलें. कारण त्यांचा रंग म्हणजे त्या-त्या काळच्या विद्वानांचा पाठ आहे. या प्राण्यांचीं हाडें सांपडतात, कातड्याचे ठसे क्वचित् सांपडतात, पण रंग कोणीं पाहिला? लंडनजवळ सिडनहॅम येथें क्रिस्टल पॅलेसच्या बागेंत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकारानें ओवेनच्या सल्ल्यानें १८५४ सालीं पूर्णाकृति प्राणी उभे केले. ते आजहि तेथें आहेत, व त्यांस अनेक वेळां पुन्हां रंग दिला गेला आहे. त्यांतील इग्वानोडॉनाच्या नाकावर एक शिंग आहे. पुढें १८७८ सालीं बेल्जममधील बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणींत या प्राण्याचे अखंड सांगाडे सांपडले, आणि तें शिंग नसून हाताच्या अंगठ्याचें अणकुचीदार हाड आहे असें सिद्ध झालें. तथापि बागेंतल्या प्राण्याच्या नाकावरचें शिंग कोणीं काढलें नाहीं. इंग्रज लोकांना जुनी चूक जपण्याची ही जी हौस आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते.

खेळण्यांचेंहि असेंच. अमेरिकेंतील मार्क्स कंपनीनें १९५५ च्या सुमारास जे काढले ते एकरंगी: सबंध करडे, सबंध हिरवे, सबंध तपकिरी. येल विद्यापीठाच्या संग्रहालयांत रुडॉल्फ झालिंगर या चित्रकारानें १९४३ ते १९४७ या काळांत भिंतभर काढलेल्या भव्य चित्रांतील जड, शेपूट ओढीत चालणाऱ्या प्राण्यांची छाया त्यांवर स्पष्ट दिसते. पुढें सफारी कंपनीनें पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या नांवें १९८८ पासून २०१५ पर्यंत हातानें रंगविलेले पुतळे काढले. त्यांत पोटाला फिका व पाठीला गडद रंग देण्याची प्रथा दिसते. जर्मनीच्या श्लाइश आणि फ्रान्सच्या पापो कंपन्यांचे आजचे पुतळे पाहावे, तर पट्टे, ठिपके आणि तांबडे तुरे. एका नांवाचे तीन काळांतले तीन पुतळे ओळीनें मांडले, तर शास्त्राचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास शब्दावांचून वाचतां येतो.

अलीकडे तर थोडासा खरा रंगहि कळूं लागला आहे. चीनमध्यें १९९६ सालीं उजेडांत आलेल्या सायनोसॉरॉप्टेरिक्स या लहानशा, पिसासारखी लव असलेल्या प्राण्याच्या अवशेषांत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण टिकून राहिले होते. कणांच्या आकारावरून त्याच्या शेपटीवर तांबूस-तपकिरी व पांढरे असे आळीपाळीचे पट्टे होते, असा निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सालीं अँकिऑर्निसाचे काळे-पांढरे पंख व तांबूस तुरा कळला. कॅनडांत सांपडलेला चिलखती बोरियालोपेल्टा पाठीवर तांबूस-तपकिरी व खालीं फिका होता, असें २०१७ सालीं दिसून आलें. एवढा मोठा प्राणी, अंगावर चिलखत, आणि तरीहि लपण्याचा रंग! म्हणजे त्याहून भयंकर कोणी तरी त्याच्या मागावर होता, असें शास्त्रज्ञ म्हणतात. नातवाला मीं हें वाचून दाखविलें, तेव्हां तो बराच वेळ गप्प बसला.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, संग्रह करणाऱ्यानें रंग 'नवा' ठेवण्याच्या मागें लागूं नये. आहे तो रंग जाऊं देऊं नये. या दोहोंत फार अंतर आहे. आतां तें कसें साधावें, तें अनुभवानें सांगतों.

धूळ आठवड्यांतून एकदां मऊ केसांच्या रुंद कुंचल्यानें झाडावी. फडक्यानें पुसूं नये. धुळीचे कण कानसासारखे काम करतात, आणि प्रथम नाक, नखें, शेपटीचें टोंक व पाठीचा कणा हे उंचवटे उघडे पडतात. मळ बसला असेल तर कोमट पाण्यांत पातळ साबणाचा एकच थेंब टाकून त्याच कुंचल्यानें धुवावें, साध्या पाण्यानें विसळावें, व पंचावर सावलींत वाळूं द्यावें. पाण्यांत भिजत ठेवूं नये. कित्येक पुतळे आंतून पोकळ असतात. सांध्यांतून पाणी शिरतें, व पावसाळ्यांत आंत बुरशी धरते. स्पिरिट, रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर, नखांचा रंग काढावयाचें द्रव्य यांपैकीं कशाचाहि स्पर्श होऊं देऊं नये. भांड्यांच्या पावडरीविषयीं तर मी काय सांगूं!

ऊन लागेल अशा खिडकीजवळ मांडूं नये. कित्येक तांबडे व पिवळे रंग उन्हानें लवकर उडतात, आणि उडालेला रंग कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. माळा, स्वयंपाकघराची फळी, दूरदर्शनसंचाची पाठ, या जागा उष्ण असतात, त्या टाळाव्या. एक पुतळा दुसऱ्याला टेकूं देऊं नये, मध्यें दोन बोटें अंतर असावें. दूर पाठवावयाचे असल्यास रंग न दिलेल्या साध्या पांढऱ्या कागदांत गुंडाळावे. वर्तमानपत्राची शाई चिकट अंगाला लागते. यंत्रें घालून येतात तो पांढरा, हलका थर्माकोलहि नको. मऊ प्लास्टिकांतील तेल त्याला विरघळवितें व तो अंगाला चिकटून बसतो.

दोन पायांवर उभे राहणारे पुतळे उन्हाळ्यांत पुढें कलतात आणि पडतात. नाकाचा रंग जातो तो पुष्कळदां अशानें. यासाठीं उकळलेलें पाणी चुलीवरून उतरवून थोडें निवूं द्यावें, वांकलेला पाय तेवढाच त्यांत मिनिटभर धरावा, मऊ झाला म्हणजे सरळ करावा, व तसाच धरून लगेच गार पाण्यांत बुडवावा. हें काम वडील मंडळींनीं करावें, मुलांच्या हातीं देऊं नये.

रंगाचा टवका उडालाच, तर? पुष्कळदां कांहींच करूं नये. करावेंसेंच वाटलें तर पाण्यांत कालविण्याचा ॲक्रिलिक रंग घ्यावा, तैलरंग कदापि नको, व फवाऱ्याचें वार्निशहि नको. मऊ पीव्हीसीवर तीं दोन्ही बहुधा चिकट राहतात. प्रथम पोटाखालीं ठिपका देऊन आठवडाभर वाट पाहावी. मग फक्त उघड्या पडलेल्या जागेवर, जुन्या रंगाच्या कडेवर न जातां, पातळ हात द्यावा. आणि काय केलें तें वहींत लिहून ठेवावें. पुतळ्याच्या पोटाखालीं बहुधा उत्पादकाचें नांव व साल उठविलेलें असतें. तेंहि वहींत उतरून घ्यावें, कारण संग्रहाची खरी किंमत त्या सालांत असते. तें साल रंगानें बुजवूं नये.

कोणी म्हणतील, मग मुलांनीं खेळावें केव्हां? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर मला अजून पुरतें सांपडलें नाहीं. आमच्या घरीं नातवानेंच तोड काढली. त्यानें आपले नवे, बाजारांतले स्वस्त पुतळे खेळावयाचे ठरविले. ते अंगणांत, नळाखालीं, चिखलांत कोठेंहि जातात व त्यांचा रंग जातो तो जावो. बापाचे सात कपाटांत. त्यांना रविवारीं सकाळीं बाहेर काढतो, हात धुवून.

याच काळांत त्याला कोठेंसें कळलें कीं, आपल्या महाराष्ट्रांतहि हे प्राणी होते. चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याकडे डोंगरगांव येथें कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनीं १९८४ ते १९८६ या काळांत उत्खनन करून एका लांबमान्या, शाकाहारी भीमसरटाचा सांगाडा काढला. जैन व बंदोपाध्याय यांनीं त्याचें वर्णन १९९७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि २००३ सालीं त्याला 'आयसिसॉरस' हें स्वतंत्र नांव मिळालें. त्यांतील पहिलें पद ग्रीक नव्हे, संस्कृतहि नव्हे. त्या संस्थेच्या इंग्रजी नांवाचीं तीन आद्याक्षरें आहेत! समासाचा हा प्रकार पाणिनीला ठाऊक नव्हता. नातवानें गणपतीच्या दिवसांत उरलेल्या शाडूचा एक आयसिसॉरस केला. मी रंगाचा डबा शोधूं लागलों, तर तो म्हणाला, "आजोबा, त्याचा रंग कुणालाच माहीत नाहीं ना? मग राहूं दे." तो तसाच मातकट, खालच्या फळीवर उभा आहे.

टायरॅनोसॉरस वरच्या फळीवर आहे. त्याची पाठ आज चार वर्षांनींहि बोटाला किंचित् लागते, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी ठेवलेली आहे. माझा रंग काढावा कां, असें मीं मुलाला विचारलें होतें. त्यानें पुतळा उजेडांत धरून पाहिला. पोटाकडचा साईचा रंग आणि दुसरा डोळा अजून काकानें आणला तसाच आहे. "काढायला गेलों तर खालचा राहिलेलाहि जाईल, बाबा. असूं दे," एवढेंच तो म्हणाला. नातवाच्या वहींत सातहि जणांची नोंद आहे: नांव, साल, रंग, कोठें टवका आहे तें. पहिल्या पानावर टायरॅनोसॉरस असून, त्यापुढें वळणदार अक्षरांत लिहिलें आहे, "काकाआजोबांनीं आणला १९८९. आजोबांनीं रंगविला २०२१. अजून ओला."